वीस फुटांची वाट

बेरियमचा शेवटचा घोट पोटात गेला की मी पेशंटला सांगायचो, "आता घाई तुमच्याही हातात नाही न् माझ्याही." सोबत आलेले लोक संशयाने बघायचे. मोडलेल्या हाताचा फोटो पाच मिनिटांत होतो, छातीचा त्याहून आधी. पोटाला मेला अर्धा दिवस कशाला लागतो? मशीन जुनं आहे का?

मशीन जुनं होतंच, पण कारण ते नव्हतं.

१९७९ साली मी लोणावळ्यात एका खासगी दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन म्हणून लागलो, तेव्हा लहान आतडं बघायचा आमच्याकडे एकच मार्ग होता. रात्रभर उपाशी ठेवलेल्या माणसाला सकाळी दोन-अडीच पेले पांढरं, दाट, खडूच्या चवीचं पाणी पाजायचं आणि ते कुठवर पोचलं ते दर अर्ध्या तासाला फिल्म काढून बघायचं. बेरियम मील फॉलो-थ्रू हे त्याचं नाव. कागदावर आम्ही 'बीएमएफटी' लिहायचो आणि वॉर्डबॉय त्याला 'चुना पाजणं' म्हणायचा. नाणे मावळातली एक आज्जी पेला हातात धरून मला म्हणाली होती, "ह्ये दूध म्हणून देतोस व्हय रं? दूध असं जड आसतंय?" तिने हाताने वजन करून बघितलं होतं. खरंच जड असतं ते. जड म्हणूनच किरण त्यातून पार होत नाहीत आणि फिल्मवर ते पांढरं उमटतं.

प्रत्येक फिल्मवर वेळ कळावी म्हणून कॅसेटच्या कोपऱ्यात शिशाचे आकडे चिकटवायचे. ३०, ६०, ९०. पहिल्या फिल्मवर जठर दिसायचं, कोल्ह्याच्या शेपटासारखं वाकलेलं. मग पांढरं डाव्या अंगाला उतरायचं आणि तिथे पिसं दिसायची. लहान आतड्याच्या वरच्या भागाला आतून घड्या असतात, त्यांत बेरियम शिरून असं पिसासारखं चित्र होतं. खाली येता येता घड्या विरतात आणि आतडं गुळगुळीत नळीसारखं होतं. मग शेवटी, उजव्या कुशीत, मोठ्या आतड्याच्या दारापाशी पांढरं गोळा व्हायचं. इथवर यायला कुणाला तास लागायचा, कुणाला दोन, एखाद्याला चार. तोवर पेशंट पॅसेजमधल्या बाकावर, भिंतीवरच्या घड्याळाखाली.

वीस फुटांच्या आसपासची ही वाट. वरून दुर्बीण घालावी तर ती जठराच्या थोडी पुढे जाऊन थांबते, खालून घालावी तर मोठं आतडं संपतं तिथे. मधलं सगळं अंधारात. माझी तेहतीस वर्षांची नोकरी त्या अंधाराच्या पॅसेजमध्ये गेली म्हणा ना.

माझ्या आज्जीला मात्र त्या अंधाराचं नाव ठाऊक होतं. महिनोन् महिने पातळ शौचाला होऊन माणूस वाळत चालला की ती म्हणायची, "संग्रहणी धरली." एक-दोन दिवसांची ती हगवण, आव पडली तर आमांश, आषाढात गार पाणी पिऊन पोट बिघडलं तर मोडशी, आणि कशानेच थांबेना ती संग्रहणी. शब्द थेट आयुर्वेदातला. चरकाने चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीचा विचार केलाय. नाभीच्या वर असलेला अग्नीचा निवारा म्हणजे ग्रहणी. कच्चं अन्न ती धरून ठेवते, पिकलेलं पुढे सोडते, आणि बिघडली की कच्चंच सोडून देते. शवविच्छेदनाच्या टेबलाशी न जाता, नुसतं येणारं-जाणारं बघून बांधलेली ही कल्पना आहे. तरी लहान आतड्याच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मला पुढे डॉक्टरांच्या तोंडूनही क्वचितच ऐकायला मिळालं. उपाय म्हणून ताकाची थोरवी तिथेच आहे. पुण्याचे वैद्य नंतरच्या काळात पर्पटी हे औषध देऊन रोग्याला दूध-ताकावर ठेवायचे तेही याच दुखण्यासाठी. आज्जीकडे पर्पटी कुठली! ती पांढऱ्या कुड्याची साल उगाळायची. आमच्याकडे डोंगराच्या उतारावर कुडा मुबलक आहे. उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी भरतो, फुलांची भाजीही करतात. साल इतकी कडू की पोरं हगवण लपवायची.

गावाबाहेर मरीआईचं ठाणं होतं. आज्जी तिकडे बोट करायची नाही. पटकी हा शब्दही ती हळू आवाजात बोलायची.

पटकी म्हणजे कॉलरा, आणि तो निखळ लहान आतड्याचा रोग, हे मला कळलं ते नोकरीला लागून बऱ्याच वर्षांनी. आमच्या दारातून जाणारी रेल्वे ज्या घाटातून चढते, त्या बोरघाटाच्या कामाची गोष्ट वाचत होतो. १८५६ साली काम सुरू झालं, १८६३ साली गाडी घाट चढली. मधली सात वर्षं कड्याला दोर बांधून लटकत सुरुंग लावणारी माणसं. १८६१ च्या सुमाराला एका वेळी ४० हजारांवर मजूर होते तिथे. बायका, पोरं, पाटीवाले, गवंडी. खंडाळ्यापासून खालपर्यंत झोपड्यांचीच वस्ती आणि पिण्याचं पाणी त्याच ओढ्यांचं. सुरुंगाने मेले त्यांच्याहून कितीतरी जास्त पटकीने आणि तापाने मेले. मोजदाद हजारांतच करावी लागते. पहिला कंत्राटदार फॅविएल १८५९ साली काम सोडून गेला. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून बायकोसह आला आणि उतरल्यावर काही आठवड्यांतच वारला. कंत्राट त्याच्या बायकोने, अॅलिस ट्रेडवेलने चालवलं. अॅडमसन आणि क्लाउझर या दोघांना हाताशी धरून तिने घाट पुरा केला. तिच्या नावाची पाटी मला घाटात कधी दिसली नाही. मजुरांची तर कुणी लावणारच नव्हतं.

त्या माणसांना नेमकं काय झालं होतं, हे कळायला शंभर वर्षं लागली. जंतू कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पक्का ओळखला. पण जंतू आतड्यात करतो काय? आतडं तर फाटत नाही, कुजत नाही. मग घागरभर पाणी येतं कुठून? त्याचा छडा कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी लावला. सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा आणि त्यात जंतू टोचायचे. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टरारून फुगलेला. १९५९ साली त्यांनी दाखवलं की जंतूही लागत नाहीत, त्यांनी सोडलेलं विष पुरतं. म्हणजे आतडं शाबूत असतं, फक्त उलटं चालायला लागतं; शोषायचं सोडून ओतायला लागतं. मीठ-साखरेचं पाणी पाजून माणूस वाचतो तो म्हणूनच, कारण शोषणारा दरवाजा साखरेसोबत मीठ-पाणी आत घेतच राहतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत दिलीप महालनबीस यांनी हे पिंपं भरभरून केलं. बोरघाटात मीठ होतं, गूळ होता, पाणीही उकळता आलं असतं. ही गोष्ट डोक्यात आली की घाटातल्या बोगद्यातून जाताना मला खिडकीबाहेर बघवत नाही.

लोणावळ्याच्या आतड्याच्या इतिहासात सुदैवाने एक निराळं पानही आहे.

माझ्या दवाखान्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर कैवल्यधाम. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो योगासनांसाठी नाही. कुणीतरी म्हणालं, "तुमच्या धंद्याचे जुने फोटो आहेत तिथल्या पुस्तकात." ग्रंथालयात 'योगमीमांसा'चे बांधीव अंक काढून दिले. पहिलाच खंड १९२४ चा. इंग्रजी मजकूर, आणि मधे खरोखरच क्ष-किरणांची चित्रं. छापाईत अर्धे बारकावे उडालेले. तरी एक टेक्निशियन दुसऱ्याची फिल्म बघतो तशी मी ती बघितली, म्हणजे आधी एक्स्पोजर, मग पेशंट हलला का, मग रोग.

इथे रोग नव्हता. उड्डियान होतं आणि नौली होती, हठयोगातल्या पोटाच्या क्रिया.

स्वामी कुवलयानंद मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. १८८३ चा जन्म, गुजरातेत डभोईला. मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला विद्यार्थी. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे तालीम, मग अमळनेरला राष्ट्रीय शिक्षणाचं काम, आणि नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासांकडे योग. संस्कृत येणारा, दंड-बैठका मारलेला हा माणूस. त्याला प्रश्न पडला तो मात्र फार जमिनीवरचा. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. बेंबीइतक्या पाण्यात बसायचं, गुदद्वारात नळी ठेवायची, आणि पोटाची हालचाल करून पाणी वर ओढून घ्यायचं. पिचकारी नाही, दाब नाही. मग पाणी चढतं कसं?

परंपरेतला माणूस म्हणाला असता, साधनेने चढतं. डॉक्टर म्हणाला असता, चढतच नसेल. गुणे बडोद्याच्या इस्पितळात गेले आणि तिथल्या क्ष-किरण यंत्रापुढे साधकाला उभं केलं. हे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला. क्ष-किरण सापडून तीस वर्षंही झाली नव्हती आणि बेरियम पाजायची पद्धत रुळून दहा-पंधराच. त्याआधी बिस्मथ द्यायचे, त्याने काही माणसं दगावली, म्हणून १९१० पासून बेरियम सल्फेट आलं. (सल्फेटच हं. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी. आमच्या स्टोअरमध्ये डबा उघडण्याआधी लेबल दोनदा वाचायची सवय मला त्यामुळेच लागली.)

मग दाब मोजायचं उपकरण लावलं. श्वास पूर्ण सोडून, पोटाचे दोन उभे स्नायू नौलीत पुढे काढले की मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी होतो. म्हणजे पोकळी होते आणि पाणी आपोआप वर ओढलं जातं. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्यात कैवल्यधाम उभं राहिलं, आणि आश्रमात पहिल्यापासून प्रयोगशाळा होती. पर्णकुटीशेजारी पाऱ्याची नळी. पुढे तीसच्या दशकात येल विद्यापीठाचा बेहनन इथे येऊन राहिला, १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे संशोधक अमेरिकेहून यंत्रं घेऊन आले. पण मला त्या पहिल्या खंडाचं अप्रूप जास्त. हल्ली योगाने काय-काय बरं होतं याच्या याद्या व्हॉट्सअॅपवर येतात. त्या पाठवणाऱ्यांपैकी कुणी पोटात नळी घालून घेतलेली नसते.

आता माझी एक तक्रार, टेक्निशियन म्हणून. ही सगळी करामत मोठ्या आतड्याची. नळी खालून जाते, ती तिथेच अडते. त्याच्यावरच्या वीस फुटांपर्यंत ती पोचत नाही. त्या भागासाठी हठयोगात आहे ती वारिसार, म्हणजे शंखप्रक्षालन. कोमट मिठाचं पाणी पेल्यावर पेले प्यायचं, मधे ठरावीक आसनं करायची, आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत थांबायचं नाही. आतडं शंखासारखं वेटोळं, म्हणून नाव शंख. मी केलंय एकदा, लघु. दुसऱ्या तासाला मी पळत होतो. माझ्या बाकावरच्या पेशंटांना हे पाजलं असतं तर चारच्या आत सगळे घरी गेले असते, पण फिल्मवर काही दिसलं नसतं. बघायचं तर सावकाश जाणारंच काहीतरी लागतं.

सावकाशीचंही एक गुपित होतं, ते मला फार उशिरा कळलं. १८९६ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी जनावरांना बिस्मथ कालवलेलं अन्न खाऊ घालून क्ष-किरणांखाली बघत बसायचा. मांजराचं जठर लाटांसारखं हलताना दिसायचं. मांजर भेदरलं, चिडलं की लाटा थांबायच्या. शांत झालं की पुन्हा सुरू. हे वाचलं आणि मला एकदम आमचा पॅसेज आठवला. ज्याला कॅन्सरची भीती घालून पाठवलंय त्याचं बेरियम तीन तास जठरातून हलायचं नाही. मग मी त्याला चहाची टपरी दाखवायचो, "प्यायचा नाही, नुसतं बसून या," म्हणायचो. गावाकडच्या गप्पा निघायच्या, भात कसं आहे, पाऊस किती. अर्ध्या तासाने फिल्म काढावी तर पिसं उमटलेली. डॉक्टरांना वाटायचं मी वेळ काढतोय.

डॉक्टर स्क्रीनिंगला यायचे ते लाल काचांचा चष्मा लावून. पडद्यावरचा उजेड इतका मंद की डोळे आधी वीस मिनिटं लाल काचेमागे अंधाराला सरावावे लागत. लाल चष्मा लावून ते पॅसेजमधून चालत आले की नवी माणसं उठून उभी राहायची. मग खोलीत दिवा बंद, आणि लाकडी चमच्याने पोटाचा उजवा खालचा भाग दाबून वेटोळी वेगळी करायची. लहान आतड्याची शेवटची वीतभर. मावळात खरा रोग तिथेच असायचा. टीबी. खोकला नसलेला, पोटाचा टीबी. आतडं तिथे सुतळीसारखं बारीक व्हायचं, आणि मोठ्या आतड्याची पिशवी आखडून वर ओढलेली. डॉक्टर अंधारात नुसतं "हं" म्हणायचे. त्या 'हं'वरून मी ओळखायचो. नंतरच्या वर्षांत क्रोन हा शब्द कानावर यायला लागला. क्रोनने हा रोग अमेरिकेत १९३२ साली वर्णिला. फिल्मवर टीबीत आणि त्यात फरक करणं महाकठीण, आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. कित्येकांना आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघायचे. उतार पडला तर टीबी.

फिल्म धुवायची अंधाऱ्या खोलीत. डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी. लोणावळ्याच्या जुलैत त्या वाळायच्या नाहीत. बाहेर धुकं खिडकीतून आत येतंय, आणि आत तारेवर एका माणसाच्या पोटाच्या सहा फिल्म ओल्या लटकतायत. टेबलफॅन लावून बघितला, बल्ब लावून बघितला. ओलीच फिल्म डॉक्टर दिव्यापुढे धरायचे, थेंब त्यांच्या बुटांवर. वापरलेल्या हायपोत चांदी उतरते, म्हणून महिन्याला एकजण कॅन घेऊन यायचा आणि जुन्या फिल्मही किलोवर न्यायचा. कितीतरी मावळकरांची आतडी वितळवून त्याने चांदी केली असेल.

एक फिल्म मी त्याला दिली नाही. दहा-अकरा वर्षांच्या पोराची, पवन मावळातल्या. पोट दुखतं, पोर वाढत नाही. साठ मिनिटांच्या फिल्मवर पांढऱ्या आतड्यात एक लांब, गुळगुळीत काळी पट्टी दिसली, गांडुळासारखी. जंत. तो नेहमीच दिसायचा, त्यात नवल नव्हतं. पण दीडशे मिनिटांच्या फिल्मवर त्या काळ्या पट्टीच्या बरोब्बर मधोमध केसाइतकी पांढरी रेघ उमटली होती. डॉक्टरांनी मला जवळ बोलावलं. जंताने बेरियम प्यायलं होतं. ती रेघ म्हणजे जंताचं आतडं. पोराला पाजलेल्या चुन्यात त्याच्या आतल्या पाहुण्याचाही फॉलो-थ्रू झाला होता. पोराची आई म्हणाली, "काय दिसलं?" मी म्हणालो, "जंत हायेत." ती म्हणाली, "मग एवढं सकाळधरनं बसवलं कशाला? जंत हायेत त्ये मलाबी ठाव हुतं."

मी २०१२ साली निवृत्त झालो तोवर बीएमएफटी महिन्यातून एखादी होई, नंतर तीही बंद झाली. सीटी आलं, आणि कॅप्सूल. इस्रायलमध्ये गॅव्हरिएल इद्दानने क्षेपणास्त्राच्या कॅमेऱ्यावरून कल्पना घेऊन गिळायचा कॅमेरा बनवला, २००१ पासून तो वापरात आहे. इंचभर लांब, दर सेकंदाला दोन फोटो, आठ तासांत ५० हजारांवर. त्याच्यासाठी कुणी लाल चष्मा लावत नाही.

निवृत्तीनंतर मी घरच्या वीस गुंठ्यांत इंद्रायणी लावायला लागलो. वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेलं वाण, आमचा अभिमान. तिसऱ्या वर्षी जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन सहा पॉइंट आठ. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात वरून दुर्बीण झाली, खालून झाली. दोन्ही स्वच्छ. "रक्त मधल्या भागात कुठेतरी जातंय," तरुण डॉक्टर म्हणाले. मला हसू आलं. एका दुभत्या म्हशीच्या किमतीची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली, कमरेला पट्टा बांधला आणि पॅसेजमधल्या बाकावर जाऊन बसलो. समोर घड्याळ होतं.

दोन दिवसांनी त्यांनी स्क्रीनवर दाखवलं. मी तेहतीस वर्षं जे पांढऱ्या पिसांसारखं बघितलं ते आतून पहिल्यांदाच बघत होतो. लहान आतड्याच्या भिंतीवर बोटांसारखे बारीक अंकुर असतात, ते पाण्यात हलत होते. आवणीआधी तरव्यात पाण्यात रोप डुलतं, तसे. संग्रहणीत आणि गव्हाच्या त्रासात हेच रान सपाट होतं म्हणे. पुढे एका वळणावर रोपांत एक लालसर दोरा चिकटलेला. जेमतेम एक सेंटिमीटर. मग आणखी एक. मग चार.

अंकुशकृमी. हा सहसा तोंडातून येत नाही. ओल्या मातीत त्याची अळी असते, ती अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. कैरोमध्ये आर्थर लूस या संशोधकाच्या हातावर अळ्यांचं पाणी सांडलं आणि खाज सुटली, तेव्हा जगाला हे कळलं. माझ्या बोटांच्या बेचक्यांत दोन पावसाळे खाज होती. मी चिखल्या म्हणून त्याला हळद-तेल लावत होतो.

शौचाची तपासणी कुणी सांगितलीच नव्हती. त्यांनी नाही, आणि ज्याने हयातभर जंत बघितले त्या मीही नाही. ती केली असती तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली असती, शे-दीडशे रुपयांत. अल्बेंडाझोलची गोळी मिळाली, लोहाच्या गोळ्या चार महिने. बायकोला सांगितलं तर ती पवन मावळातल्या त्या पोराच्या आईसारखीच बघायला लागली.

यंदा आवणीला कामशेतच्या बाजारातून गमबूट आणले. पहिल्याच खाचरात उजवा पाय बाहेर आला आणि बूट चिखलात उभाच राहिला. आवणीच्या बायका पोट धरून हसल्या. दोन्ही बूट बांधावर उपडे ठेवले आणि खाली उतरलो.